नाक्याअलीकडचं औषध

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी १९९२

प्रिय रत्नाकर,
सप्रेम जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या भाऊजींना बसमध्ये बसल्याबरोबर झोप लागली, ती नागपूर आल्यावरच उघडली. माझा मात्र डोळा लागला नाही. बेबीला जाऊन वर्ष झालं, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तू एकट्याने इतका नीट केलास, घमापुरातल्या त्या दोन खोल्यांत एवढी माणसं बसवलीस, पोटभर जेवू घातलीस. मला तुझं फार कौतुक वाटलं. पण एक गोष्ट मनातून जाऊन नाही राहिली.

भंतेजी पंचशील देत होते तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसली होती. पहिली चार शीलं तू खणखणीत म्हटलीस. पाचव्याला, सुरामेरयला, तुझे ओठ हलले नाहीत. हात जोडलेले, डोळे खाली, आणि तू गप्प. आपण नशापाणी करणार नाही, एवढंच तर म्हणायचं असतं. प्रार्थनेच्या वेळी कोणता पोट्टा नुसता उभा आहे ते मला मागच्या रांगेतूनही दिसतं, जन्म गेला शाळेत. तू तर हातभर अंतरावर होतास.

रत्नाकर, तू दारू पितोस का? खरं सांग. बाबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आपल्या घरात थेंब आलेला नाही. बेबीसारखी बायको गेली, घर खायला उठत असेल, मला कळतं. पण फॅक्टरीच्या गेटवरची ड्यूटी, एक पाय लाकडाचा, त्यात हे व्यसन लागलं तर पाहायला कोण आहे तुला?

दुसरी गोष्ट आनंदाची. मनीषाचं जमलं. हेमचंद्रजींचा मुलगा, बँकेत आहे. हेमचंद्रजी म्हणजे आमच्या भागातल्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष, घरोघरी जाऊन लोकांच्या बाटल्या फोडतात. सतरा मेला, वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लग्न. मनीषाला हाताला धरून मंडपात तूच आणायचंस, ती लहानपणापासून सांगून राहिली की मामाच आणणार. तेव्हा जे काय असेल ते मला आत्ताच कळलेलं बरं.

लवकर उत्तर दे.
तुझी ताई,
लतिका


घमापुर, जबलपूर
२१ जानेवारी १९९२

ती. ताईस,
सविनय जयभीम.

मनीषाचं वाचून इतका खूश झालो की शेजारच्या भैयालालच्या दुकानातून पावभर पेढे आणले आणि त्यातले अर्धे मीच खाल्ले. पोट्टी एवढीशी होती, माझ्या बुटात पाय घालून अंगणभर फिरायची. मामा आणीलच तिला मंडपात. कुबडी घेऊन नाही, सरळ चालत आणीन.

बाकी तू काहून एवढा घोर लावून घेतला? दारूला मी हात लावत नाही. फौजेत रम फुकट मिळायची तेव्हाही माझा कोटा दुसऱ्यालेच जायचा. बेबीच्या फोटोसमोर बसून लिहून राहिलो, खोटं लिहिणार नाही. ओठांचं म्हणशील तर त्या दिवशी गळा भरून आला असेल. गर्दी होती, धूर होता.

इकडे थंडी बम पडली आहे. पाय जरा बोलतो. चलता है.

भाऊजींना जयभीम.
तुझा,
रत्नाकर


नागपूर
२ फेब्रुवारी १९९२

प्रिय रत्नाकर,
जयभीम.

गळा भरून आला असता तर चौथ्या शीलालाही आला असता. मला शिकवू नको.

तुझं पत्र दहादा वाचलं. दारू नाही म्हणतोस, आणि ते खरं असणार, कारण तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी चिंचा तू तोडायचास आणि मालक ओरडला की तूच पुढे जाऊन सांगायचास, हो मीच तोडल्या. माझाही मार तूच खाल्लास. म्हणूनच जास्त भीती वाटते. दारू नाही, तर काय? जुगार लागला का? कोणी बाई आहे का? असली तर सांग बाबा, मी रागावणार नाही, बेबीच्या माघारी तू एकटा आहेस.

मी खमरियाला, तुझ्या फॅक्टरीच्या वसाहतीत, सुमनबाईंना पत्र टाकलं होतं. रागावू नको, त्या आपल्याच नात्यातल्या आणि त्यांच्या क्वार्टरवरून तुझी ये-जा दिसते. त्यांनी लिहिलं की रत्नाकरभाऊ रोज संध्याकाळी भैयालालकडे बसतात, डोळे लाल असतात, आणि काही कारण नसताना हसतात. तू आणि कारणाशिवाय हसणं?

शपथ वगैरे घालत नाही. सरळ विचारते. काय आहे?

लतिका


घमापुर
११ फेब्रुवारी १९९२

ती. ताईस जयभीम.

सुमनबाईंना माझा पण जयभीम सांगजो. त्या मिलिट्री इंटेलिजन्समध्ये असत्या तर लढाई लवकर संपली असती.

बाई नाही, जुगार नाही. भांग आहे. आता लिहिलं.

तुला माहीत आहे, एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय घोट्याच्या वरून गेला. जखम भरली, पुण्याहून पाय बसवून आलो, सगळ्यांना वाटलं झालं, मिटलं. पण ताई, जो पंजा नाही त्याचा अंगठा दुखतो. हात लावायला काही नाही, चोळायला काही नाही, आणि तो अंगठा कोणीतरी पिळून राहिलं. रोज. फौजी दवाखान्यात किती चकरा झाल्या. ते बिचारे गोळ्या देतात. एक गोळी अशी होती की मी गेटवर उभ्या उभ्या झोपलो आणि साहेबाची जीप बाहेर थांबून राहिली. दुसरीने तोंड सुकायचं आणि दुखणं तिथंच. आताच्या डॉक्टर मॅडम मेजर आहेत, पोरगीच आहे, भली आहे. तिला मी सांगितलं की मॅडम, भांग घेतली की आराम पडतो. ती म्हणाली, हवालदारसाहेब, हे मला लिहिता येत नाही, आणि मी ऐकलंही नाही. मग हळूच म्हणाली, जास्त घेऊ नका.

हे बेबीनेच सुरू केलं. मी रात्र रात्र दात खाऊन पडून असायचो, ते पाहून तिने शेजारणीला विचारलं आणि सरकारी ठेक्यावरून पाला मागवला. पाट्यावर बारीक वाटायची, हरभऱ्याएवढी गोळी करायची, गुळासोबत द्यायची. पहिल्या दिवशी मी सकाळपर्यंत झोपलो आणि ती घाबरून माझ्या नाकाशी हात धरून बसली होती. आता मीच वाटतो. तिच्यासारखी बारीक होत नाही.

आणि खोटं काहून बोलू, मजाही येते. भैयालाल, मी, फॅक्टरीतले दोघंतिघं बसतो, काहीबाही गोष्टी करतो, हसतो. दुखणं थांबल्यावर माणूस हसणार नाही तर काय करणार? इथं कोणी त्याला वाईट म्हणत नाही. बाजारात पाटी लावून दुकान आहे, शासकीय. पण नशा ती नशाच, एवढं मला समजतं. जे पाळत नाही ते हात जोडून म्हणायचं, भंतेजींसमोर, बेबीच्या फोटोसमोर, ते मला जमत नाही. म्हणून गप्प राहतो.

तुला सांगितलं नाही, कारण तू अशी घाबरतेस.
रत्नाकर


नागपूर
२० फेब्रुवारी १९९२

रत्नाकर,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. भाऊजींना काही सांगितलं नाही.

तुझं दुखतं हे मला माहीत होतं, पण असं दुखतं हे तू कधी बोलला नाहीस. बेबीलाच माहीत होतं म्हण. बहीण म्हणजे कोणीच नाही.

पण भांग, रत्नाकर! गांजेकस लोकांत बसणारा माझा भाऊ! वेगळं आहे म्हणशील, मला काही वेगळं दिसत नाही. आमच्या गल्लीत तुळशीराम वकील आहेत. मी आडून विचारलं, शाळेतल्या एका बाईच्या नातेवाइकाचं म्हणून. ते म्हणाले, भांगेचा पाला हा राज्याराज्याचा मामला आहे. मध्य प्रदेशात सरकारच ठेका देतं, तिथे घेतली तर गुन्हा नाही. नाका ओलांडून महाराष्ट्रात आलं की परवान्याशिवाय जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा, पोलीस धरतात. समजलं? तिकडे जे औषध आहे ते इकडे जेल आहे.

आणि इथे हेमचंद्रजी! परवाच्या बैठकीत त्यांनी सर्वांसमोर सांगितलं की माझ्या होणाऱ्या सुनेच्या घरी सात पिढ्या कोणी तंबाखू खाल्ली नाही. मी मान डोलावली. त्यांना हे कळलं तर मनीषाचं काय होईल याचा विचार कर. तिने त्या मुलाला मनाने कधीच आपलं म्हटलं आहे.

माझं ऐक. सोडून दे. अजून तीन महिने आहेत. हळूहळू कमी कर, डॉक्टर मॅडमला चांगली गोळी मागून घे. लग्नाला ये तो साफ होऊन ये. एवढं माझ्यासाठी कर.

ताई


घमापुर
१७ मार्च १९९२

ती. ताईस जयभीम.

उत्तराला उशीर झाला. उद्या होळी. सगळं गाव भांग घोटून राहिलं आणि मी एकटा कोरडा.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून सोडली. भैयालालकडे बसणंही सोडलं. तो दारात येऊन विचारायचा, भैया, हमसे क्या ग़लती हो गई? आठ दिवस ठीक गेले, म्हणजे ठीक नाही, पण गेले. मग पाय सुरू झाला. दवाखान्यात मॅडमने गोळी वाढवून दिली. तिने चक्कर यायची, दुखणं जायचं नाही. मागच्या मंगळवारी गेटवर ट्रक आला, दांडा उचलायला गेलो आणि पडलो. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला. कपाळाला टाके आहेत, बाकी काही नाही. सुमनबाईंनी तुला लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

साहेबाने बोलावलं. म्हणाला, गजभिये, दारू पीकर आए थे? म्हटलं, नाही साहेब, इतक्या वर्षांत आत्ताच कुठे मी काही न घेता येऊन राहिलो. त्याला समजलं नाही. तोंडी वॉर्निंग दिली.

मी काल पुन्हा सुरू केली, ताई. वाटली, घेतली, झोपलो. तुझ्यासाठी करून पाहिलं, झालं नाही. माझ्यावर रागव, पण आता हे पत्र शांत डोक्याने लिहून राहिलो, तेही त्याच्यामुळेच.

म्हणून विचार केला, मी लग्नाला येत नाही. दोन रात्री न घेता तुमच्याकडे राहिलो तर पाहुण्यांसमोर ओरडेन. घेऊन आलो तर तुझ्या व्याह्यासमोर तुझी मान खाली. मनीषाला सांग, मामाची तब्येत ठीक नाही. ते खरंच आहे.

रत्नाकर


नागपूर
२९ मार्च १९९२

प्रिय रत्नाकर,

टाके उघडले का? चिघळलं तर नाही ना? ट्रकचं वाचलं आणि पत्र तसंच घेऊन शाळेत गेले. दिवसभर वर्गात पोरांना काय शिकवलं मला आठवत नाही. मी सोड म्हटलं आणि तू ट्रकखाली गेला असतास. बापरे! भैताड आहेस तू. मी काही म्हटलं की लगेच करायचं का असतं?

येत नाही हे चालणार नाही. मनीषाला मी सांगितलं तर ती म्हणाली, मग मी मंडपात जातच नाही, बसा. तिला मी सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, आई, मामाला औषध घेऊन येऊ दे ना.

तर असं कर. दोन दिवसांपुरती थोडीशी घेऊन ये. डब्यात नको, कपड्यांच्या घडीत, आत, कोणाला दिसणार नाही अशी. मागची खोली तुझ्यासाठी ठेवते, कडी लावून घे, तिथेच घे. वास येतो का रे त्याला? येत असला तर धूपबत्ती लावू. भाऊजींना कळू द्यायचं नाही, हेमचंद्रजींना तर नाहीच. कोणी विचारलं तर आयुर्वेदिक आहे म्हण.

लपवाछपवी मला आवडत नाही. पण तू ये.

ताई


घमापुर
४ मे १९९२

ती. ताईस जयभीम.

येतो! सुट्टी मंजूर झाली. सोळा तारखेला पहाटेची बस धरतो, तिलवाऱ्याचा नर्मदेवरचा पूल ओलांडला की अर्धा नागपुरात आल्यासारखंच वाटतं मला. दुपारी तुमच्याकडे, हळदीच्या आधी. मनीषासाठी बनारसी घेतली आहे, बेबीच्या बहिणीने पसंत केली.

दुसरं काम पण केलं. ठेक्यावर गेलो आणि पावती मागितली. ठेकेदार माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, दादा, भांग की रसीद तो आज तक किसी ने नहीं माँगी. मी म्हटलं, मला परगावी न्यायची आहे, पक्की पाहिजे. शेवटी लायसन नंबर घालून, शिक्का मारून दिली. सोबत माझं डिस्चार्ज बुक आणि पायाचा मेडिकल बोर्डाचा कागद ठेवतो. आता कोणाची काय हिंमत?

कपड्यांच्या घडीत लपवायचं म्हणतेस ते मला पटत नाही. चोरीचा माल आहे का? सरकारच्या दुकानातून सरकारच्या शिक्क्याने घेतलेली वस्तू. तुझे वकीलसाहेब जास्त शिकलेले आहेत. बाबा सांगायचे ना, नागपूर आपली राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यात, छप्पन्न साली रेघ ओढली. रेघेच्या इकडे मी ज्या देशासाठी पाय दिला, तिकडेही तोच आहे. फौजी माणसाला कोणी दोन गोळ्यांसाठी धरत नाही. तू काळजी करू नको, हळदीची तयारी कर.

रत्नाकर


नागपूर
१२ मे १९९२

रत्नाकर, घाईत दोन ओळी. पावती-बिवती कोणाला दाखवू नको! कागद दाखवला म्हणजे माल असल्याचं स्वतःच सांगितलं, एवढंही कळत नाही का? लग्नसराई आहे, तिकडची स्वस्त दारू इकडे येते म्हणून नाक्यावर बसगाड्या थांबवतात. गप्प बसून ये. काही बोलू नको. हात जोडते.

ताई


नागपूर
२४ मे १९९२

प्रिय रत्नाकर,
जयभीम.

लग्न झालं. तू आला नाहीस.

मनीषा मंडपाच्या दाराशी किती वेळ उभी होती. शेवटी तुझ्या भाऊजींनी तिला आणलं. सगळे विचारत होते, मामा कुठे, मामा कुठे. मी म्हटलं, सुट्टी नाही मिळाली, डिफेन्सची नोकरी. हेमचंद्रजी म्हणाले, देशाचं काम आधी. मंगल मैत्री झाली, जेवणं झाली, सगळं नीट झालं. पोरगी सासरी सुखात आहे.

तुझं काय झालं? बस चुकली का? तब्येत बिघडली का? तार तरी करायची. इथे लग्नघरात दिवसभर फोन वाजत होता, कोणी उचलायचं, कोणी ठेवायचं, आवाज इतका की काही ऐकू येत नव्हतं. तुझा फोन आला असेल तर मला काही कळलं नाही. कोणाचे कोणाचे फोन येत होते. तुझे भाऊजी टेलिफोन खात्यातले, सगळ्या गल्लीचे फोन इथेच येतात.

बरा असशील ना? पत्र पाठव. मला झोप नाही.

ताई


घमापुर
५ जून १९९२

ती. ताईस जयभीम.

मी बरा आहे. मनीषाचं लग्न नीट झालं वाचून जीव भांड्यात पडला. बनारसी सुमनबाईंचा भाचा बंडू नागपूरला येऊन राहिला, त्याच्यासोबत पाठवतो.

तुझं बारा तारखेचं पत्र मी परत आल्यावर दाराखाली सापडलं. आधी मिळालं असतं तरी मी काय केलं असतं माहीत नाही.

झालं असं. खवाशाच्या पुढे, महाराष्ट्रात शिरताच, नाक्यावर बस थांबवली. एक्साइजचा साहेब आणि एक शिपाई चढले. साहेबाने विचारलं, कोणाजवळ दारू, नशेचं काही आहे का, आधीच सांगा. कोणी बोललं नाही. माझ्या बाजूच्या माणसाच्या पिशवीत बाटल्या खणखणून राहिल्या होत्या, तोसुद्धा खिडकीतून झाडं पाहत होता. मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, दारू नाही, भांग आहे, पायाच्या दुखण्याची, ही पावती. शिपाई हळूच म्हणाला, बसा ना काका, बसा. त्याचा इशारा मला आता कळतो. तेव्हा मी कागद काढत होतो.

साहेब वाईट नव्हता. त्याने सगळे कागद वाचले, पायाकडे पाहिलं, कपाळाला हात लावला. म्हणाला, बाबा, बसभर लोकांसमोर तुम्ही लिहून दिल्यासारखं सांगितलं, आता मी काय करू? उतरवून घेतलं. मग म्हणाला, नागपुरात कोणी जामीन राहणारं असेल तर बोलवा, संध्याकाळपर्यंत लग्नाला पोचाल. मी तुमच्या घरचा नंबर दिला.

फोन लागला. ते यंत्र जुनं, रिसीव्हरमधलं टेबलाच्या अलीकडे बसून ऐकू येतं. पलीकडून बाई म्हणाल्या, आमचा जबलपूरला कोणी भाऊ नाही, हे लग्नघर आहे, पुन्हा फोन करू नका. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, नंबर चुकला. हा आवाज माझ्या बहिणीचा नाही. तिचा नंबर मला आठवत नाही, आणि ती कुठे राहते तेही नक्की माहीत नाही.

दोन रात्री तिथं होतो. दुखण्याचं काय लिहायचं. सोमवारी कोर्टात नेलं, तिथे जातमुचलक्यावर सोडलं. सव्वीस जूनला पेशी आहे. तिथला वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, दंडावर सुटाल. पण कागदावर नशेबाज म्हणून लागेल, आणि खमरियाच्या गेटच्या आत बारूद असतो, तिथं नशेबाज चौकीदार कोण ठेवणार? हा दुखण्यासाठी घेतो असं कोणी घरचं माणूस येऊन सांगेल तर कोर्टातला साहेब समज देऊन सोडूही शकतो म्हणे. बेबी असती तर आली असती, तिनेच वाटून दिली होती. मॅडमला बोलावलं तर तिची नोकरी जाईल. दुसऱ्या कोणाला काही माहीत नाही. तेव्हा कबूल करून टाकतो.

हे सगळं यासाठी लिहिलं की पुढेमागे कोर्टाचा कागद तुमच्याकडे विचारायला आला तर तूही नाहीच म्हण. मी तेच सांगितलं आहे. दोघांचं एकच राहू दे. मनीषाचं नवीन घर आहे.

तुझा,
रत्नाकर


नागपूर
१४ जून १९९२

रत्नाकर,

तुझं पत्र हातात घेऊन मी मोठ्याने रडले. शेजारणी गोळा झाल्या, त्यांना वाटलं पोरगी सासरी गेल्याचं रडते.

तो आवाज माझाच होता. फोनच्या टेबलापाशी हेमचंद्रजी उभे होते, हातात हळदीचं ताट. तिकडून साहेबाने तुझं नाव घेतलं, भांग म्हटलं, आणि हेमचंद्रजींनी माझ्याकडे पाहून विचारलं, कोणाचा फोन? माझ्या तोंडून ते निघून गेलं. रिसीव्हर ठेवला आणि ताट घेऊन बाहेर गेले, गाणी म्हटली, पाहुण्यांना हळद लावली. आणि तू त्या वेळी तिथे बसून मला वाचवत होतास. ज्याला एक शब्द खोटा बोलता येत नाही त्याला मी बोलायला लावलं.

कबूल करायचं नाही. ऐकलंस? मोठी बहीण सांगते, कबूल करायचं नाही.

काल मी हेमचंद्रजींकडे गेले. सगळं सांगितलं. पाय, बेबी, पाटा, फोन, सगळं. कपड्यांच्या घडीत लपवून आण असं मीच लिहिलं होतं, तेही. ते म्हणाले, बाई, हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. चहा तसाच ठेवून उठून गेले. पुढे काय होईल मला माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. मनीषा दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, आई, माझं मी पाहीन, तू तारीख चुकवू नको.

तुळशीराम वकील येणार आहेत. मी शाळेत रजा टाकली. कोर्टातल्या साहेबांनी विचारलं की हे तुम्हाला कसं माहीत, तर सांगीन की मला माहीत होतं, मीच आण म्हटलं होतं. मलाही धरायचं तर धरू दे.

तू जबलपूरहून रात्रीची गोळी घेऊन, नीट झोपून, सव्वीसला पहाटेच्या बसने निघ. सोबत काही आणू नको. नाक्यावर उतर आणि कोणाला काही सांगत बसू नको. मी आधीच येऊन उभी असेन, तिथून कोर्टात सोबत जाऊ. त्या फोनवाल्या साहेबाला तू नाही, मीच सांगणार आहे की मी याची बहीण.

तुझी सख्खी बहीण,
लतिका